कोण कोणत्या दाराने आले

वाचकाचे पत्र

मी मूळची सावंतवाडीची. सध्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फॉल रिव्हर येथे राहते आणि जवळच्या विद्यापीठात सार्वजनिक धोरण शिकते. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंड भागातल्या पोर्तुगीज आणि इंडोनेशियन स्थलांतरितांच्या सामाजिक व आर्थिक परिस्थितीची तुलना हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. जनगणना खात्याच्या आकड्यांवरून मी तक्ता केला. इंडोनेशियन लोकांत पदवीधर जास्त निघाले, पण स्वतःचे घर असणारे कमी. पोर्तुगीजांत नेमके उलटे. त्यावरून मी मसुद्यात लिहिले की इंडोनेशियन समाजाला शिक्षणाची ओढ आहे आणि पोर्तुगीज समाजाला ती कधीच नव्हती. ज्या आजींच्या घरात मी तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते, त्या पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून १९६९ मध्ये आल्या. त्या चौथी शिकलेल्या आहेत. त्यांच्या नातीने मसुदा वाचून त्यांना सांगितला. आजी मला काही बोलल्या नाहीत, पण दर रविवारी खालून येणारे केल नावाच्या पालेभाजीच्या सूपचे भांडे तीन आठवडे आलेले नाही. शेवटचे भांडे अजून माझ्याकडेच आहे. माझे आजोबा १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींबरोबर गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला गेले होते, त्यामुळे माझ्याच मनात काही आढी आहे की काय, असेही वाटते. ऑक्टोबरमध्ये हा प्रकल्प गावातल्या लोकांसमोर मांडायचा आहे. आकडे तर खरे आहेत. मग चुकले काय, आणि आता मी काय करू?

उत्तर

प्रिय मैत्रीण,

आकडे खरे असतील, असे मीही धरून चालते. चूक आहे ती आकड्यांच्या खाली तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यात, आणि ते वाक्य बदलायला अजून भरपूर वेळ आहे. मी काही वर्षे त्याच भागात राहिले आहे आणि हे दोन्ही समाज जवळून पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी आजोबांविषयी. आपल्याकडे, विशेषतः बांदा, सावंतवाडी, पेडणे या पट्ट्यात, पोर्तुगीज म्हटले की पाखले आठवतात, म्हणजे राज्य करणारे, बंदूक हातात असलेले. तुमच्या घरमालकीणबाई मात्र लिस्बनपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर भर अटलांटिकमध्ये पसरलेल्या नऊ बेटांपैकी एका बेटावरच्या आहेत, जिथे अनेकांची जमीन दुसऱ्याच्या मालकीची होती आणि शेती व गाई राखणे हाच मुख्य रोजगार होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या ज्या राजवटीने पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, त्याच राजवटीने आपल्या देशातल्या गरिबांच्या मुलांसाठी चार इयत्तांची शाळा पुरेशी मानली होती. सक्तीचे शिक्षण सहा वर्षांचे करण्याचा निर्णय तिथे १९६४ साली झाला. आजी १९६९ मध्ये आल्या आणि चौथी शिकलेल्या आहेत, म्हणजे सरकारने जेवढी शाळा दिली तेवढी त्या पुरी शिकल्या. याला शिक्षणाची ओढ नसणे म्हणता येत नाही. आणखी एक गोष्ट आजोबांना सांगण्यासारखी आहे. ज्या १९६१ साली गोवा मुक्त झाला, त्याच वर्षी अंगोलात युद्ध पेटले, ते गिनी आणि मोझांबिकपर्यंत पसरले आणि १९७४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनची राजवट उलथेपर्यंत चालले. मुलगा सक्तीच्या भरतीच्या वयाला पोचण्याआधी त्याला अमेरिकेतल्या मामाकडे किंवा काकाकडे पाठवून द्यायचे, ही त्या काळात बेटांवरच्या घराघरातली धडपड होती. साम्राज्य टिकवण्याची किंमत त्यांच्याकडूनही वसूल केली जात होती.

आता तक्त्याकडे वळू. तुमच्या तक्त्यातल्या दोन ओळी एका प्रकारच्या नाहीत. अमेरिकेत पोर्तुगीज मोजले जातात ते मुख्यतः वंशमूळ विचारणाऱ्या प्रश्नातून. त्या प्रश्नाला ज्याचे पणजोबा देवमासे मारणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून न्यू बेडफर्डला उतरले तो नोकरदारही 'पोर्तुगीज' असे उत्तर देतो, आणि दहा वर्षांपूर्वी आलेली सफाई कामगारही तेच देते. इंडोनेशियन मोजले जातात ते आशियाई गटांच्या यादीतून. त्यांच्यातले बहुसंख्य स्वतः तिथून आलेले किंवा त्यांची मुले आहेत, आणि जकार्ता किंवा सुराबायाहून आलेले चिनी वंशाचे कुटुंब स्वतःला 'चिनी' असेही नोंदवू शकते. म्हणजे एका ओळीत चार-पाच पिढ्यांची सरमिसळ आहे आणि दुसरीत जेमतेम दीड पिढी. शिक्षणाचा रकाना अशा दोन ओळींवर ठेवून काहीही ठरवता येत नाही. नावावरून फसण्याचा हा प्रकार आपल्याला नवा नाही: इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात पोर्तुगीज पासपोर्टवर राहणाऱ्यांत कितीतरी जण मडगाव-म्हापशाकडचे गोंयकार आहेत, आणि तिथली पासपोर्टनिहाय यादी वाचणाऱ्याला तेही 'पोर्तुगीज'च दिसतात. तेव्हा जन्मस्थळ, येण्याचे दशक आणि वय या तीन चाळण्या लावून तक्ता पुन्हा करा. न्यू इंग्लंडपुरते इंडोनेशियनांचे आकडे फार लहान उरतील आणि त्यावर जोर देता येणार नाही. ते तसे तक्त्याखाली स्पष्ट लिहा.

पण चाळण्या लावूनही फरक उरेलच, आणि खरे काम तिथे सुरू होते. कोण कोणत्या दाराने आत आले, हे समजल्याशिवाय त्या फरकाचा अर्थ लागणार नाही.

२७ सप्टेंबर १९५७ रोजी अझोर्समधल्या फायाल बेटाच्या पश्चिम टोकाला, कापेलिन्योस येथे, समुद्रातून ज्वालामुखी उसळला आणि जवळपास तेरा महिने धुमसत राहिला. घरे आणि शेते राखेखाली गेली. त्या वेळी अमेरिकेत राष्ट्रवार कोट्याची पद्धत होती आणि पोर्तुगालच्या वाट्याला वर्षाला फक्त काहीशे जागा होत्या. पण न्यू बेडफर्ड, फॉल रिव्हर आणि ऱ्होड आयलंडमध्ये आधीपासून आलेले, मत देणारे पोर्तुगीज होते. ऱ्होड आयलंडचे सिनेटर जॉन पॅस्टोर आणि मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर जॉन केनेडी यांनी त्यांच्यासाठी जोर लावला आणि २ सप्टेंबर १९५८ रोजी कायदा झाला. त्याने कोट्याबाहेर १,५०० कुटुंबप्रमुखांना व्हिसा दिला. बायकामुले त्यांच्याबरोबर आली. १९६५ साली कोटापद्धतच मोडीत निघाली आणि नातेवाइकांना बोलावण्याचा मार्ग मोकळा झाला, तेव्हा या कुटुंबांनी भाऊ, मेहुणे, सासू-सासरे सगळ्यांना आणले. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत लाखाहून जास्त पोर्तुगीज अमेरिकेत आले ते असे: विमानतळावर उतरताना हातात कायम वास्तव्याचे कागद, घ्यायला आलेला नातेवाईक, आणि पुढच्या सोमवारी त्याच नातेवाइकाच्या शब्दावर कापड गिरणीत किंवा शिवणकामाच्या कारखान्यात नोकरी.

याच १९५८ च्या कायद्यात दुसरेही एक कलम होते, आणि तुमच्या प्रकल्पासाठी ते सोन्यासारखे आहे. इंडोनेशियातून विस्थापित झालेल्या डच नागरिकांनाही त्या कायद्याने व्हिसा दिला. सुकार्नो सरकारने १९५७ च्या अखेरीस डच कंपन्या ताब्यात घेतल्या आणि डच नागरिकांना देश सोडायला लावला. त्यांतले बरेच जण मिश्र, म्हणजे युरोपीय आणि इंडोनेशियन वंशाचे होते, ते आधी नेदरलँड्सला गेले आणि तिथून कित्येक जण कॅलिफोर्नियात स्थिरावले. म्हणजे फायालचा शेतकरी आणि बांडुंगचा कारकून एकाच कायद्याने, एकाच वेळी आत आले. आज त्या कारकुनाच्या मुलांची आणि फायालच्या मुलांची तुलना केली, तर तुमचा निष्कर्ष कदाचित अगदी वेगळा निघेल. एवढे खरे की जन्मस्थळ 'इंडोनेशिया' लिहिणारी ही म्हातारी पिढी आणि न्यू इंग्लंडमधल्याच न्यू हॅम्पशायर राज्यातले आजचे इंडोनेशियन यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. त्यांना एका ओळीत घालू नका.

कारण न्यू हॅम्पशायरमधली वस्ती १९९८ ची आहे. आशियाई आर्थिक संकटात एका डॉलरला सुमारे अडीच हजार असलेले इंडोनेशियाचे चलन रुपिया घसरून डॉलरला दहा हजारांच्याही पुढे गेले, मे १९९८ मध्ये जकार्ता, सोलो अशा शहरांत चिनी वंशाच्या लोकांची दुकाने जाळली गेली, माणसे मारली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले आणि २१ मे रोजी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांना पायउतार व्हावे लागले. त्यानंतर जी कुटुंबे निघाली, त्यांत ख्रिस्ती आणि चिनी वंशाची कुटुंबे मोठ्या संख्येने होती; सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकावरच्या मनाडो भागातलीही अनेक होती. त्यांच्यासाठी कोणत्याही सिनेटरने नवा कायदा आणला नाही. उघडे दार एकच होते, पर्यटक व्हिसाचे. आणि तो व्हिसा मिळतो कोणाला? ज्याच्याकडे नोकरी किंवा धंदा आहे, बँकेत शिल्लक आहे, जो शिकलेला आणि शहरी आहे, अशाला. तुमच्या तक्त्यातले पदवीधर इथून आले आहेत. ज्यांच्याकडे शिक्षण नव्हते, ते वकिलातीच्या खिडकीवरूनच परत गेले. ते तुमच्या तक्त्यात कधी आलेच नाहीत. उलट अझोर्सच्या शेतमजुराला व्हिसासाठी पदवी लागली नाही, अमेरिकेत एखादी बहीण असणे पुरले.

पुढचे तर फारच वेदनादायक आहे. १९९६ च्या कायद्याने राजकीय आश्रयाचा अर्ज देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत करण्याची अट घातली होती. सॉमर्सवर्थ, डोव्हर, रॉचेस्टर या गावांतल्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या, इंग्रजी जेमतेम येणाऱ्या कितीतरी कुटुंबांना ही अट कळली तेव्हा वर्ष उलटून गेले होते. मग ११ सप्टेंबर २००१ नंतर सरकारने ठरावीक, बहुतांशी मुस्लिम देशांतल्या सोळा वर्षांवरील पुरुषांनी येऊन नोंदणी करावी, असा हुकूम काढला आणि त्या यादीत इंडोनेशिया होता. कायदा पाळला पाहिजे म्हणून हे ख्रिस्ती पुरुषही रांगेत उभे राहिले, नाव-पत्ता देऊन आले, आणि त्याच नोंदींवरून पुढे अनेकांच्या हद्दपारीच्या फायली उघडल्या. २००९-१० च्या सुमारास चर्चच्या पुढाकाराने एक तडजोड झाली: गुन्हा नसलेल्यांनी ठरावीक काळाने कचेरीत हजेरी लावायची आणि हद्दपारीला स्थगिती मिळवायची. २०१७ मध्ये अचानक त्याच हजेरीला गेलेल्यांना परतीची तिकिटे काढायला सांगण्यात आले. तेव्हा न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावातल्या सरकारी इमारतीभोवती लोक गटागटाने, प्रार्थना करत, शांतपणे फेऱ्या घालत होते आणि आत एखाद्याचा बाप किंवा नवरा अधिकाऱ्यासमोर बसलेला होता. तो माणूस बाहेर येईपर्यंत फेरी थांबायची नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत बॉस्टनच्या फेडरल न्यायालयाने ही हद्दपारी रोखून त्यांना आपली प्रकरणे पुन्हा उघडण्याची मुभा दिली. वर्षभरापुरत्या काम-परवान्यावर आणि पुढच्या हजेरीच्या तारखेवर जगणाऱ्या माणसाला कोणती बँक तीस वर्षांचे गृहकर्ज देईल? त्याची जकार्तातली हिशेबनीसाची पदवी इथे कोण मानेल? म्हणून पदवी जास्त आणि घर कमी. हे दोन वेगळे गुण-दोष नाहीत, एकाच दाराने आल्याचे ते दोन परिणाम आहेत.

आजींच्या बाजूनेही हेच पाहा. तुम्ही राहता ते तीन मजली लाकडी घर गिरणी-कामगारांसाठी बांधलेल्या जुन्या घरांपैकी असणार. एका मजल्यावर स्वतः राहायचे, दोन मजले भाड्याने द्यायचे, शक्यतो नात्यातल्यांनाच, आणि त्या भाड्यातून कर्जाचा हप्ता भरायचा. मागच्या वीतभर अंगणात द्राक्षाचा मांडव आणि केलचे वाफे. पण घर घेताना आधी भरायची रक्कम कुठून आली? नगावर शिलाई करणाऱ्या बाईच्या एकटीच्या पगारातून ती उभी राहत नाही. घरातली मुले सोळाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागत आणि शुक्रवारचे पगाराचे पाकीट न उघडता आईच्या हातात देत. (आपला 'पगार' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला, आणि इंडोनेशियन भाषेतला रविवारसाठीचा 'मिंग्गू' हा त्यांचा 'दोमिंगो', तिन्ही माणसे एका टेबलावर बसली तर बोलायला सुरुवात तरी कठीण जाणार नाही.) म्हणजे घर जास्त आणि पदवी कमी, हाही एकच व्यवहार आहे. शाळेची वर्षे देऊन ते घर घेतलेले आहे.

आणि याबाबत मी तुम्हाला गुळमुळीत लिहायला सांगणार नाही. या व्यवहारात नुकसान झाले आहे. आधी कापड गिरण्या दक्षिणेकडे गेल्या आणि नंतर उरलेले शिवणकाम परदेशी गेले, तेव्हा सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्या त्या मुलांच्या हाती विकण्यासारखे दुसरे कौशल्य नव्हते. घरातल्या हुशार मुलीला 'शिकून काय करायचे आहे' असे ऐकावे लागले, ही तक्रार त्या समाजातल्या स्त्रिया स्वतःच करतात. शिवाय 'आपल्याकडे ग्रीन कार्ड आहे, आता नागरिकत्व कशाला' या विचाराने अनेकांनी मुलांचेही नागरिकत्व घेतले नाही. मग १९९६ च्या त्याच कडक कायद्यांखाली, फॉल रिव्हरमध्ये लहानाचे मोठे झालेले आणि एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झालेले तरुण, ज्यांना पोर्तुगीज धड बोलता येत नव्हते असेही, अझोर्समधल्या साओ मिगेल बेटावर परत पाठवले गेले. हा मुद्दा प्रकल्पात जरूर घ्या. इंडोनेशियन कुटुंबांना ज्या साली केलेल्या कायद्याने आश्रयाचे दार बंद केले, त्याच सालच्या कायद्यांनी पोर्तुगीज घरांतलीही मुले नेली. तुमच्या दोन ओळी खऱ्या अर्थाने जिथे एकत्र येतात ती ही जागा आहे, आणि माझ्या मते तुमच्या मांडणीचा गाभा हाच व्हावा.

आता करायचे काय. 'ओढ' हा शब्द मसुद्यातून काढा. तक्ता कुणाला किती हवेहवेसे वाटत होते हे सांगू शकत नाही. त्याच्या जागी प्रत्येक ओळीला तीन माहित्या जोडा: कोणत्या सालच्या कोणत्या कायद्याने आले, येताना हातात कोणते कागद होते, आणि त्या वेळी गावात कोणते काम उपलब्ध होते. हे लिहिले की निष्कर्ष वेगळा ओढूनताणून लिहावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे आणि तिच्यात तडजोड करू नका. न्यू हॅम्पशायरमधल्या ज्या कुटुंबांशी तुम्ही बोलला असाल, त्यांची नावे, त्यांचे चर्च, त्यांचा कारखाना, मुलांची शाळा, यांतले काहीही मसुद्यात किंवा पडद्यावर दाखवायच्या चित्रांत येऊ देऊ नका. सामूहिक जेवणाचे छायाचित्रसुद्धा नको, मागे भिंतीवर चर्चचे नाव लिहिलेले असते. त्यांनी स्वतः होकार दिला असला तरीही नको, कारण एकदा विश्वासाने नाव नोंदवून त्यांनी काय भोगले आहे, ते वर लिहिलेच आहे. विद्यापीठात मुलाखतींसाठी जी नैतिक परवानगी घ्यावी लागते, ती घेतली नसेल तर त्या मुलाखती वापरू नका. छापील आणि न्यायालयीन कागदपत्रांतून तुमचे काम भागते.

ऑक्टोबरच्या कार्यक्रमात समोर बसलेल्यांत बहुतेक पोर्तुगीज असतील. तुम्ही आजोबांची गोष्ट सुरुवातीलाच सांगावी, असे मला वाटते. पत्रादेवीला गेलेल्या माणसाची नात फॉल रिव्हरमध्ये एका अझोरियन आजींच्या घरी राहते आणि त्यांच्या लोकांविषयी अभ्यास करते, हे लोकांना कळले तर तुमचे पुढचे बोलणे ते अधिक जवळून ऐकतील, आणि तुमच्या मनातली आढी लपवून ठेवण्याचे ओझेही उरणार नाही.

त्याआधी मात्र आजींकडे जायला हवे. ऑगस्टच्या अखेरीस केनेडी पार्कात पवित्र आत्म्याचा मोठा उत्सव असतो आणि त्या दिवसांत त्या वयाच्या बायका स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत, तेव्हा त्याच्या आधीचाच एखादा रविवार गाठा. भांडे तुमच्याकडे आहे म्हणता. आपल्याकडे शेजारणीचे भांडे रिकामे परत देत नाहीत. तांदळाची खीर किंवा घावने, जे तुम्हाला जमते ते त्यात घालून खाली घेऊन जा. मसुद्यातले ते वाक्य त्यांना स्वतः वाचून दाखवा, नातीला बाजूला बसवून भाषांतर करायला सांगा, आणि ते खोडले आहे हे कागदावर दाखवा. त्यांनी बसायला सांगितले तर घाई करू नका. हे घर घेतले तेव्हा आधी भरायचे पैसे कुणाकुणाच्या पाकिटातून आले, आणि त्यासाठी कोणाची शाळा सुटली, एवढेच विचारा, आणि त्या सांगतील ते लिहून घ्यायला त्यांची परवानगी मागा.

तुमची,
सदरलेखिका